राहणीमान उत्तम

फी माफ करून घ्यायची तर माणसाला आधी गरीब व्हावं लागतं आणि मग तसं सिद्ध करावं लागतं. पहिली गोष्ट मला विनासायास जमली. आमची वजनकाट्यांची कंपनी बंद पडली, आणि पुढच्या काही महिन्यांत कोणाचीही मदत न घेता मी पूर्णपणे पात्र झालो. दुसऱ्या गोष्टीने मात्र माझा जीव काढला. तोही हप्त्याहप्त्याने, आणि प्रत्येक वेळी दोन प्रती मागून.

नोकरी गेल्यावर मी घरी बसलो, असं कोणी समजू नये. घरी बसलो असतो तर बिल्डिंगला कळलं असतं. मी रोज पूर्वीच्याच वेळेला, पूर्वीचाच डबा घेऊन, जिन्यातून पूर्वीइतक्याच घाईने उतरत होतो. आठवड्यातले दोन दिवस एका फरशीवाल्याच्या दुकानात हिशेब लिहायचो. उरलेले दिवस वाचनालयात जाऊन नोकरीच्या जाहिराती वाचायचो आणि डबा मागच्या बागेत खायचो. जिन्यात कोणी विचारलंच, काय म्हणतेय कंपनी, तर मी म्हणायचो, चाललंय. कंपनी काही म्हणत नव्हती, पण चाललं मात्र होतं. मीच चालत होतो.

आमच्या बिट्टीचं शाळेचं हे शेवटचं वर्ष. तिला बिट्टी म्हणायची सवय लागली तेव्हा ती उशीएवढी होती. आता माझ्या कानापर्यंत येते. तिला पूल बांधायला शिकायचं आहे. हे कुठून तिच्या डोक्यात आलं देव जाणे, आमच्या घराण्यात आजवर कोणी साधा ओटा बांधलेला नाही. पण पूल शिकवणारी चार कॉलेजं आहेत आणि त्या चौघांना एकमेकांचं तोंड बघायचं नसावं, म्हणून चौघांच्या चार प्रवेश परीक्षा आणि चार वेगळ्या फिया. एका संध्याकाळी चहाच्या वेळी तिने मला सांगितलं की बाबा, ज्यांना जमत नाही त्यांची फी माफ होते, शाळेतल्या बाईंनी सांगितलंय.

मला 'माफ' हा शब्दच पटला नाही. माफी मागायला आपण कोणाचं काय केलंय, वगैरे मी बराच वेळ बोललो. माझं बोलून झाल्यावर बिट्टीने चार फियांची बेरीज सांगितली. मी उरलेला चहा प्यायलो. चहा संपेपर्यंत तो शब्द मला तितकासा वाईट वाटेनासा झाला होता.

फॉर्म भरायचा तो संगणकावर. आमच्याकडे संगणक नाही म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. तिथला संगणकवाला एका हाताने वडा खात दुसऱ्या हाताने लोकांची भवितव्यं भरत होता. बिट्टीचा फोटो साइटने नाकारला, कारण त्यात कान दिसत नव्हते. दुसरा फोटो काढला, त्यात कान दिसत होते पण बिट्टी रागावलेली दिसत होती. तो साइटने तत्काळ स्वीकारला. मग आला रकाना, 'वडिलांचा व्यवसाय'. तिथे आपण काही लिहायचं नसतं, तयार यादीतून एक निवडायचं असतं. संगणकवाला यादी सरकवत गेला आणि 'बागकाम'च्या खाली 'बेरोजगार' या शब्दावर येऊन थांबला. तो शब्द निळ्या पट्टीत उजळला. माझ्या मागे रांगेत दोन-तीन पालक उभे होते. सगळे शिकलेले दिसत होते, निदान वाचता येण्याइतपत.

मी म्हटलं, जरा खाली घ्या. खाली घेता घेता 'व्यवस्थापन' आलं. मी म्हटलं, हे ठीक आहे. बिट्टी नुसतं "बाबा" म्हणाली. मी तिला हळूच समजावलं की व्यवसाय म्हणजे आत्ता या क्षणी माणूस काय करतो ते नव्हे, आयुष्यभरात काय केलं ते. आणि मी हिशेब खात्यात दोन माणसांचं व्यवस्थापन केलेलं आहे. त्यांतला एक बऱ्याचदा रजेवर असे, पण तो माझा दोष नाही. संगणकवाल्याने बटण दाबलं. एकदा दाबल्यावर बदलता येत नाही, हे त्याने दाबल्यानंतर सांगितलं.

माफीचा अर्ज कसा करतात याची चौकशी कोणाकडे करायची, हा पुढचा प्रश्न. आमच्या वरच्या मजल्यावर अण्णा राहतात. ते बँकेतून निवृत्त झाले असून सल्ला देण्याच्या बाबतीत अजून निवृत्त झालेले नाहीत. त्यांना सरळ विचारणं शक्य नव्हतं, म्हणून मी सांगितलं की आमच्या ऑफिसात एक गृहस्थ आहेत, बिचाऱ्यांची परिस्थिती जरा नाजूक आहे, त्यांच्या मुलीसाठी हवंय. अण्णा खूश झाले. त्यांनी सांगितलं की गृहस्थांनी दाढी वाढवून जावं. छत्री असेल तर मोडकी न्यावी. साहेबासमोर थोडं खोकावं, पण फार नको; फार खोकलं तर रांगेतून बाहेर काढतात. आणि मुख्य म्हणजे, अण्णा म्हणाले, गृहस्थांना सांगा की तिथे अभिमान घेऊन जाऊ नका, ठेवायला जागा नसते. हे सांगताना ते माझ्याकडे न बघता कुंडीतली पानं खुडत होते.

त्या गृहस्थांची बातमी समोरच्या वहिनींपर्यंत गेली. त्यांचं मन लोण्याचं. रोज दारात भेटल्या की विचारायच्या, काय हो, तुमच्या त्या गृहस्थांचं काही झालं का? त्यांच्या मिसेस कशा आहेत? एकदा आमची ही माझ्या शेजारीच उभी होती. ही म्हणाली, बरी आहे, पण कंबर दुखते. चार दिवसांनी वहिनींनी एक पिशवी आणून दिली. त्यांच्या मिस्टरांच्या दोन पँटी होत्या, चांगल्या धडधाकट. तुमच्या गृहस्थांना द्या, म्हणाल्या, उगीच कपाटात पडल्यात. मी तोंडभर आभार मानले, गृहस्थांच्या वतीने. वहिनींचे मिस्टर चांगले उंच आहेत आणि मी नाही, पण पँटी मला बरोबर झाल्या. खालून कोणीतरी आधीच दुमडून शिवल्या होत्या. योगायोग म्हणायचा. त्या मी फरशीवाल्याकडे जाताना घालतो, आणि जिन्यातून जरा वेगाने उतरतो.

आता शुल्कमाफी कार्यालय. ही इमारत बस थांब्याच्या अगदी समोर आहे आणि तिच्या दारातच एक मोठा बोर्ड आहे. माफी मिळालेल्यांची यादी त्या बोर्डावर लागते: विद्यार्थ्याचं नाव, खाली वडिलांचं पूर्ण नाव, राहण्याचा भाग. आमच्या भागातल्या सगळ्या बस इथूनच जातात. वहिनींचे मिस्टर रोज इथे उतरतात. मी पहिल्या दिवशी तो बोर्ड पाहिला आणि आत जाण्याआधी समोरच्या दुकानात जाऊन उगीच एक पेन विकत घेतलं.

खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला आणि चष्मा कपाळावर नेला. वडील व्यवस्थापनात, आणि फी माफ? मी म्हटलं, होतो, आता नाही. त्या म्हणाल्या, 'होतो' असा रकाना आमच्याकडे नाही. नोकरी गेली असेल तर कंपनीचं तसं पत्र आणा. मी म्हटलं, कंपनीच गेलीय. त्या म्हणाल्या, मग कंपनी गेल्याचं पत्र आणा. कोणाचं? कंपनीचं. हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की मला क्षणभर वाटलं चूक माझीच आहे.

खरं सांगायचं तर त्या कंपनीच्या गेटापाशी जायला माझे पाय उचलत नव्हते. आज जातो, उद्या जातो, करत मी एक आख्खा आठवडा वाचनालयात घालवला. तेवढ्यात चारपैकी एका कॉलेजाची मुदत टळली. बिट्टीने ते घरी येऊन सांगितलं आणि लगेच म्हणाली की ते कॉलेज तसंही फार लांब होतं. ही म्हणाली, बरंच झालं. मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सरळ गेटावर गेलो.

तिथे वॉचमन तेवढा उरला होता. कंपनीत सगळ्यात कमी पगार त्याचा होता आणि आता सगळा पगार त्याचाच होता. त्याने मला ओळखलं, स्टूल पुसून दिलं, पण पत्र द्यायचं तर कागद नव्हता. कंपनीच्या नावाचे सगळे कागद त्याने थंडीत शेकोटीला लावले होते. मी माझ्याच कागदावर लिहून काढलं की सदर कंपनी बंद असून सदर इसमास नोकरी नाही. त्याने सही केली. शिक्का हवा म्हटल्यावर त्याने आतून शोधून एक आणला, तो पॅकिंग खात्याचा निघाला. त्यामुळे माझ्या बेकारीच्या खाली जांभळ्या शाईत उमटलं, 'माल तपासून पाठविला'. खिडकीतल्या बाईंनी तो शिक्का उजेडात धरून पाहिला, आणि समाधानाने अर्ज ठेवून घेतला. आता तपासनीस बाई घरी येऊन राहणीमान बघतील, म्हणाल्या.

इथून पुढे जे झालं त्याला मी जबाबदार आहे आणि ही जबाबदार आहे, पण आधी ही.

तपासनीस येणार म्हटल्यावर हिने पदर खोचला, आणि घरात जे सुरू झालं ते मी आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं. भिंती पुसल्या, दिवे पुसले, दाराच्या कड्या चिंचेने घासल्या. समोरच्या वहिनींकडून निळे पडदे आले आणि सोनेरी कडांचे सहा कप आले. वरच्या अण्णांची वेताची खुर्ची दोघांनी धरून खाली आणली. मी हिला बाजूला घेऊन म्हटलं, अगं, आपल्याला गरीब दिसायचंय.

"गरीब दिसायचंय," ही म्हणाली. "गलिच्छ नाही."

मी म्हटलं, मग पडदे? तर पडदे नसले की समोरून सगळं दिसतं. आणि कप? आपल्या कपांना टवके गेलेत, परक्या बाईच्या ओठाला लागलं तर? खुर्ची? मग काय तिला पत्र्याच्या पेटीवर बसवायचं? हिच्या एकेका उत्तरात खोट काढायला जागा नव्हती. घरात शुद्ध ठिकाणावर होती ती फक्त बिट्टीची. तिचं म्हणणं होतं की फ्रिज उघडून दाखवायचा. आमचा फ्रिज वर्षभर बंद आहे आणि त्यात धुतलेल्या चादरी ठेवलेल्या असतात. ही हो म्हणाली, पण मला तो होकार फारसा खरा वाटला नाही.

तपासनीस बाई आल्या त्या घामाघूम होऊन. खांद्याला जड पिशवी, चपलांवर धूळ. आधी पाणी मागितलं. वेताच्या खुर्चीत बसल्या आणि त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी डोळे मिटले. हिने चहा आणला, बिस्किटं आणली. मग प्रश्न सुरू झाले. पंखे किती? दोन, मी म्हटलं. दोनच होते, त्यांतला एकच फिरतो हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. फ्रिज आहे? आहे ना, असं म्हणून ही फ्रिजला पाठ लावून उभी राहिली.

"आई, उघडून दाखव ना," बिट्टी म्हणाली.

"आत्ता नको," ही म्हणाली, "थंडी बाहेर जाते."

उत्पन्नाचं साधन काय, हा प्रश्न माझा होता. त्याचं उत्तर मी बागेत डबा खाताना कितीदा पाठ केलं होतं: नोकरी नाही, दोन दिवस हिशेब लिहितो, पुरत नाही. तीन वाक्यं. पण बाई आमच्या घरात बसल्या होत्या, आमचा चहा पीत होत्या आणि मला साहेब म्हणत होत्या. कितीतरी महिन्यांनी कोणी साहेब म्हणालं होतं. मी म्हटलं, तसं चाललंय. एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मी उठलो आणि कपाटातून माझा पितळी वजनकाटा काढला, बोटभर उंचीचा, 'उत्कृष्ट सेवेबद्दल' असं कोरलेला. कंपनी कशी चालायची, एक काटा चुकला तर मालक कसे मलाच बोलावायचे, हे सगळं मी सांगितलं. बाईंनी रस घेऊन ऐकलं. निघताना म्हणाल्या, फार छान ठेवलंय हो घर, नाहीतर आम्ही कुठे कुठे जातो.

ही संध्याकाळभर गुणगुणत होती. खोटं कशाला बोलू, मीही खुशीत होतो. बिट्टीने सोनेरी कडांचे कप धुतले, पुसले, आणि वहिनींकडे नेऊन दिले.

यादी लागली त्या दिवशी बिट्टी आणि मी दोघं गेलो. बोर्डापुढे गर्दी होती. ती वरून वाचायला लागली, मी खालून. पाठीमागे बस थांबत होत्या, माणसं उतरत होती. वाचत वाचत आमची दोघांची बोटं मधे एकमेकांना भिडली. आमचं नाव यादीत नव्हतं.

आणि मला हायसं वाटलं. मी सरळ सांगतो, मला हायसं वाटलं. नाव नाही म्हणजे कोणाला कळणार नाही. मी आवाज करून श्वास सोडला, खांदे खाली आले, आणि मग मान वळवली तर बिट्टी बोर्डाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. तिने सगळं पाहिलं होतं. मला तेव्हा तोंड कुठे लपवावं कळेना. तिने बाजूला होऊन पुढच्यांना वाचायला जागा करून दिली.

आत चौकशी केली. शिपायाने दुसरी यादी काढली, अपात्रांची, कारणांसकट. आमच्यापुढे लिहिलं होतं, 'राहणीमान उत्तम'. आयुष्यात माझ्याबद्दल कोणी लिहिलेलं इतकं चांगलं मी वाचलं नव्हतं. हरकत घ्यायची असेल तर वर दालनात, आजच, कार्यालय बंद होईपर्यंत, असं शिपाई म्हणाला. उद्या सकाळी कॉलेजांना नावं जातात. आज गेली ती गेली.

वरच्या दालनात खुर्च्यांची रांग होती आणि टोकाला टेबलामागे एक अधिकारी. त्यांना सर्दी झाली होती. मी दारातून आत पाऊल टाकतो तोच एक माणूस ताडकन उठून उभा राहिला. आमच्या पॅकिंग खात्यातला. "साहेब," म्हणाला, आणि आपली खुर्ची मला दिली. तो मुलासाठी आला होता. मुलाच्या दाखल्यातली जन्मतारीख चुकली होती. तुम्ही इकडे कसे, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, एका गृहस्थांचं काम होतं. बिट्टी भिंतीवरच्या सूचना वाचायला लागली.

त्याचं नाव आधी पुकारलं. तो टेबलापाशी गेला आणि सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला की साहेब, कंपनी बंद पडल्यापासून आपलं काही खरं नाही, पोराची तारीख तेवढी सुधारा. त्याचं काम चहा निवायच्या आत झालं. पावती मिळेपर्यंत तो माझ्या खुर्चीशेजारी येऊन उभा राहिला. मग आमचं नाव पुकारलं. तो माझ्याकडे बघायला लागला, कारण त्याला माझं नाव चांगलं माहीत होतं.

अधिकाऱ्यांनी अहवाल वाचायला घेतला. मधे मधे ते शिंकत होते. व्यवस्थापन. पंखे दोन. फ्रिज एक. पडदे, चांगल्या प्रतीचे. सोनेरी कडांचे कप, हे बाईंनी खाली रेघ मारून लिहिलं होतं. सन्मानचिन्ह. त्यांनी रुमाल नाकाला लावून मला विचारलं की मग तुम्ही फी का भरत नाही?

मी म्हटलं, म्हणजे भरत नाही असं नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे. शिक्षणासारख्या गोष्टीत शासनाने, असं एक वाक्य मी सुरू केलं आणि ते कुठे न्यायचं ते मला कळेना. पॅकिंगवाला पाठीमागे उभा होता. त्याची नजर मला मानेवर जाणवत होती. अधिकाऱ्यांनी पेन उचललं. मग काय वाटलं कोण जाणे, ते बिट्टीकडे वळले आणि म्हणाले की तू सांग बाळ, या परीक्षा नाही दिल्या तर काय होईल?

बिट्टीने ओढणी सारखी केली. चेहऱ्यावर छान हसू आणलं.

"तसं काही अडत नाही, सर," ती म्हणाली. "मी लहान मुलांच्या शिकवण्या घेईन म्हणतेय. पुढच्या वर्षी बघू."

ते हसू माझं होतं. जिन्यात कोणी कंपनीची चौकशी केली की मी जे हसतो तेच, तेवढंच, तितक्याच वेळ टिकणारं. आवाजही माझाच. मी घरात ते कधी हसत नव्हतो, पण ती जिन्यात माझ्याबरोबर असायची ना. उजळणी करून शिकावं तसं ती ते शिकली होती, आणि माझ्यापेक्षा चांगलं करत होती. अधिकाऱ्यांना ते खरं वाटलं. त्यांनी मान डोलावली आणि पेन कागदावर टेकवलं. पोरीच्या तोंडी हे मी घातलं होतं, दुसऱ्या कोणी नाही.

"साहेब, ती खोटं बोलतेय," मी म्हटलं. "अडतंय. सगळं अडतंय. पडदे समोरच्यांचे आहेत, कप समोरच्यांचे, खुर्ची वरच्यांची. फ्रिजमध्ये चादरी आहेत. मला नोकरी नाही. मी फी भरू शकत नाही."

हे मी फार मोठ्याने बोललो असलो पाहिजे, कारण दालनात कोणी हलेना. पॅकिंगवाला खाली फरशीकडे बघत राहिला. अधिकाऱ्यांनी रुमाल बाजूला ठेवला आणि विचारलं की हे तुम्ही तपासनीस बाईंना का नाही सांगितलंत? मी म्हटलं, त्या चहा पीत होत्या. अधिकाऱ्यांच्याही घरी कधी कोणी चहा प्यायला असेल. त्यांनी 'उत्तम'वर काट मारली, वर काहीतरी लिहिलं आणि सही केली.

आता इथे मला मोकळं वाटलं, असं लिहायचा मोह होतो. पण तसं काही झालं नाही. कान गरम झाले होते. जिना उतरताना पॅकिंगवाल्याने मागून येऊन माझ्या हातातली फाइल घेतली आणि दारापर्यंत आणून दिली. ती त्याने घेतली नसती तर बरं झालं असतं असं मला वाटलं, आणि तो गेल्यावर वाटलं की घेतली ते बरं झालं.

शिपायाने नियम सांगितला. बोर्डावरच्या यादीचाच संध्याकाळी फोटो निघतो आणि तोच कॉलेजांना जातो. बोर्डावर नाव नाही तर माफी नाही, मग आत कोणाचीही सही असो. छापलेली यादी आता बदलता येत नव्हती, म्हणून नाव हाताने लिहून खाली लावायचं. बारीक पेन त्याला सापडेना. मी माझं नवं पेन पुढे केलं, पण कार्यालयीन कामाला खासगी शाई चालत नाही म्हणे. शेवटी खोक्यांवर पत्ते लिहायच्या जाड पेनाने त्याने बिट्टीचं नाव लिहिलं, खाली माझं, माझ्या वडिलांसकट, आणि खाली आमचा भाग. इतर सगळी नावं मुंगीएवढी. आमचं दुकानाच्या पाटीएवढं. एका टाचणीवर त्याने तो कागद लटकवला आणि चहाला गेला.

वारा होता. कागद फडफडायला लागला, उलटायला लागला. उलटला की नाव दिसत नव्हतं, आणि फोटोला अजून अवकाश होता. मी कागदाकडे बघत उभा राहिलो. समोर बस येऊन थांबली.

बिट्टी आत गेली. टाचण्या भांडारातून मिळतात आणि भांडार बंद आहे, असं तिला सांगण्यात आलं. तरी ती कुठून तरी मूठभर घेऊन आली. त्या तिने माझ्या तळहातावर ओतल्या. मी हात पुढे करून उभा राहिलो आणि ती एकेक उचलून कागदाला टोचत गेली, वरचे कोपरे, खालचे कोपरे, मग कडेकडेने, मग मधे. बसमधून उतरलेली माणसं आमच्या मागून वळसा घालून जात होती. त्यांत ओळखीचं कोण होतं ते मी पाहिलं नाही.

कागद हलेनासा झाला. बिट्टीने ते नाव एकदा मोठ्याने वाचून काढलं, अक्षर अन् अक्षर, कुठे चूक नाही ना ते बघत. मग ती मागे सरकली, आणखी मागे, पार रस्त्याच्या कडेपर्यंत गेली आणि डोळ्यांवर हात धरून म्हणाली,

"लांबूनसुद्धा स्पष्ट दिसतंय, बाबा."

मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो आणि पाहिलं. दिसत होतं.